जुळ्यांमुळे अर्ज बाद होत नाही, लेकरू कुणाच्या ओटीत घालू नका

परवा रात्री साडेदहाला भावजयीचा फोन आला. सांगोला तालुक्यातल्या आमच्या गावी ग्रामपंचायतीची आमच्या वॉर्डातली जागा सर्वसाधारण स्त्रीसाठी निघाली आहे आणि वस्तीवरच्या बायकांनीच तिला उभं राहायची गळ घातली आहे. मला वाटलं, अर्जाचं काही विचारायचं असेल. तिनं आवाज खाली करून विचारलं, "आक्का, बारक्याला थोरल्या बाईंच्या ओटीत घातलं असं कागदावर दाखवलं तर चालंल का? नायतर अर्ज बाद हुतोय म्हणत्यात."

बारक्या म्हणजे तिच्या जुळ्यांतला एक, चार वर्षांचा. थोरल्या बाई म्हणजे तिची जाऊ, माझी मोठी वहिनी.

हे तिच्या डोक्यात घातलं एका व्हॉट्सॲप मेसेजनं. 'ग्रामपंचायत निवडणूक : नवीन कडक नियम, प्रत्येक गटात पाठवा' असं वर ठळक, खाली दहा नियम, शेवटी 'जनहितार्थ'. कलमाचा आकडा एकही नाही. तिच्या बचत गटात तो आला, भावकीच्या गटात आला, आणि तिनं मला पाठवायच्या आधी माझ्या पुण्यातल्या शेजारणीनंही तोच दाखवला. मी वकील नाही. पण महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मराठीत मिळतो आणि त्याचं कलम १४ वाचायला अर्धा तास पुरतो. मेसेज लिहिणाऱ्यानं तो अर्धा तास दिला असता तर एका आईची रात्र अशी गेली नसती.

आधी तोच नियम घेते. मेसेजचे शब्द असे : 'दोनपेक्षा जास्त अपत्ये असल्यास अपात्र. जुळी असली तरी प्रत्येक मूल वेगळे मोजले जाईल. उपाय : एक मूल नातेवाइकास दत्तक दिल्याचा कागद जोडावा.'

पहिलं वाक्य बरोबर आहे. दोन अपत्यांची अट महाराष्ट्रात आहे, १३ सप्टेंबर २००० पासून लागू आहे. त्या दिवशी ज्यांना आधीच दोनपेक्षा जास्त मुलं होती ते पुढे संख्या वाढेपर्यंत अपात्र ठरत नाहीत. त्यानंतरच्या एका वर्षात एकाच बाळंतपणात झालेली मुलंही धरली जात नाहीत. म्हणून गावात सगळ्यांच्या तोंडी '२००१ चा नियम' असतो. ही अट योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. सर्वोच्च न्यायालयानं हरियाणातली अशीच अट २००३ साली वैध ठरवली, तेव्हा आज अर्ज भरणाऱ्याला ती पाळावीच लागते.

दुसरं वाक्य मात्र कायद्याच्या थेट उलट आहे. याच खंडाखाली, कलम १४ (१) (ज-१) खाली, स्पष्टीकरण दिलेलं आहे : जोडप्याला एकच अपत्य असेल आणि त्यानंतरच्या एकाच बाळंतपणात कितीही मुलं झाली, तर ती सगळी मिळून एकच धरायची. माझ्या भावजयीला आधी मुलगी, मग तीन वर्षांनी जुळी. घरात लेकरं तीन, कायद्याच्या हिशोबात दोन. संपला विषय. हे स्पष्टीकरण कुठल्या परिपत्रकात दडलेलं नाही, ज्या कलमाचं नाव घेऊन लोकांना घाबरवतात त्याच कलमात आहे. एक सावधगिरी सांगते : शब्द 'आधी एक, मग एकत्र' असे आहेत. आधी जुळी आणि नंतर तिसरं, अशी घरं या शब्दांत बसत नाहीत. त्यांनी अर्जाआधी वकिलाला विचारावं.

आणि तो 'उपाय'. याचाच मला सर्वांत जास्त राग आला आहे. 'अपत्य' या शब्दात दत्तक मूल येत नाही, असं कायदा म्हणतो, हे खरं. पण ते दत्तक घेणाऱ्याच्या बाजूनं. तुम्ही दुसऱ्याचं मूल घेतलं तर ते तुमच्या संख्येत मोजत नाहीत. पोटचं मूल दिलं म्हणून तुमची संख्या कमी होत नाही. ओडिशातल्या एका सरपंचानं नेमकं हेच मांडलं होतं की आपण एक मूल दत्तक दिलं आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही. मूल जन्मलं ही गोष्ट दत्तकपत्रानं पुसली जात नाही. म्हणजे ज्याला खरोखर अडचण आहे त्यालाही या कागदाचा उपयोग नाही, आणि जिला अडचणच नाही तिला तो करायला सांगितला जातोय.

बरं, दत्तकपत्र म्हणजे काय वाटलं यांना? अर्जाला जोडायची झेरॉक्स? हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ प्रमाणे एकदा रीतसर दत्तक झालं की आईबापांना ते मोडता येत नाही. मुलाचं जन्मघराशी असलेलं कायद्याचं नातं तुटतं, पुढचा वारसा दत्तक घरातून चालतो. शिवाय ज्यांना मुलगा आहे त्यांना मुलगा दत्तक घेता येत नाही, मुलगी असेल तर मुलगी घेता येत नाही. मोठ्या वहिनीला दोन्ही आहेत. म्हणजे हा कागद जन्मालाच खोटा येणार, आणि तो निवडणुकीच्या अर्जासोबत सही करून द्यायचा! उद्या विरोधकानं जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार केली तर जी बाई मुळात पात्र होती ती खोट्या कागदापायी अडकणार. आणि बारक्या शाळेत जायला लागल्यावर कुणीतरी त्याला सांगणारच, की तुझ्या आईनं मेंबर व्हायला तुला चुलतीच्या नावावर केलं होतं.

आता बाकीचे, जरा भराभर.

'उमेदवार दहावी पास हवा.' महाराष्ट्रात नाही. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी सातवी पासची अट आहे. त्याआधी जन्मलेल्यांना शिक्षणाची अटच नाही. भावजयीचा जन्म १९९१ चा, शाळा नववीपर्यंत. तिला दाखला शोधायचीही गरज नाही. दहावीची गोष्ट हरियाणाची. तिथे २०१५ मध्ये अशी अट आली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात टिकली, आणि तिथेही स्त्रियांना व अनुसूचित जातींना ती कमी ठेवली होती. कुणीतरी तिकडची बातमी उचलून इकडे चिकटवली.

'घरातल्या कुणाचीही घरपट्टी थकली तर अर्ज बाद.' इथे मला माघार घ्यावी लागते. मी आधी भावजयीला सांगून बसले होते की सासऱ्यांची, म्हणजे आण्णांची, बाकी तुझ्यावर येत नाही. चुकले. बिल रीतसर बजावल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही तर अपात्रता आहे, आणि एकत्र कुटुंबातल्या एकाची थकबाकी सगळ्यांना भोवते, असं कायद्यातच म्हटलं आहे. पण मेसेजनं अर्धंच सांगितलं. अर्ज दाखल करायच्या ठरलेल्या दिवसाआधी पैसे भरले तर अपात्रता राहत नाही. तेव्हा घाबरून घरी बसायचं नाही. ग्रामसेवकाकडे जायचं, आण्णांच्या नावची पाणीपट्टीसुद्धा भरायची, पावती आणि बेबाकीचा, म्हणजे काही बाकी नसल्याचा, दाखला घ्यायचा.

शौचालय वापरण्याची अट खरी. अतिक्रमणाचीही खरी, आणि कडक आहे : सरकारी किंवा गावठाणाच्या जागेवर घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणात तुम्ही राहत असाल तरी पद जाऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सांगितलं. या दोन्हींवर मेसेजशी माझं भांडण नाही.

'पोलिसांत तक्रार असली तरी अपात्र.' साफ खोटं. नुसती तक्रार किंवा दाखल गुन्हा यानं कुणी अपात्र होत नाही, त्यासाठी न्यायालयात दोष सिद्ध होऊन शिक्षा व्हावी लागते. प्रलंबित प्रकरण असेल तर शपथपत्रात लिहायचं, लपवायचं नाही. बांधाच्या भांडणावरून मुद्दाम तक्रार टाकून समोरच्याला घरी बसवायचा प्रकार गावोगाव चालतो आणि असे मेसेज त्याला बळ देतात.

'विवाहित महिलेने पतीचे संमतीपत्र जोडावे.' असा कागद कायद्यात कुठेच नाही. 'जातीचा दाखला सासरचा हवा' हेही चूक. राखीव जागेवर उभं राहणाऱ्या बाईची जात जन्मानं ठरते, दाखला माहेरचा लागतो, लग्नानं तो बदलत नाही. 'पक्षाचा एबी फॉर्म', म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, तर ग्रामपंचायतीला लागतच नाही, ही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही.

दहावा नियम : 'गावाने बिनविरोधचा ठराव केल्यास इतरांचे अर्ज स्वीकारले जाणार नाहीत.' बिनविरोध होणं गुन्हा नाही, पण गावाच्या ठरावानं कुणाचा अर्ज भरायचा हक्क जात नाही. अर्ज घ्यायचा की नाकारायचा ते निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो, गावच्या पारावरची बैठक नाही. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे पदांचे लिलाव बोलले गेले, तेव्हा राज्य निवडणूक आयोगानं तिथली सगळी प्रक्रियाच रद्द केली होती. आमच्या गावातही बिनविरोधची कुजबुज आहे. हा नियम कुणाच्या सोयीचा आहे ते भावजयीला मी सांगायची गरज पडली नाही.

ज्यात लोक खरोखर अडकतात ती गोष्ट मात्र मेसेजमध्ये नाहीच. निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, हरलेल्यांनाही आणि बिनविरोध आलेल्यांनाही. तो दिला नाही तर कलम १४-ब खाली पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवता येत नाही. हरलेले लोक 'आता कशाला' म्हणून सोडून देतात आणि पुढच्या वेळी छाननीत बाहेर जातात. म्हणून चहाच्या बिलापासून पावती ठेवायची आणि निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं उघडायचं.

काल भावजयीनं बचत गटात कलमाचा फोटो टाकला. आज ती तालुक्याला गेली होती, जुळ्यांचे जन्मदाखले काढायला. दोन्हींवर एकच तारीख, आईचं नाव एकच. दोन-दोन प्रती घेतल्या आहेत, एक अर्जासोबत आणि एक पिशवीत. छाननीच्या दिवशी मी गावी असणार आहे.