सगळे पॅक वरच्या चौघांनाच का?

दुकानातल्या कार्ड गेमच्या (जास्त करून मॅजिकच्या) लोकल टूर्नामेंटचं बक्षीस, म्हणजे पॅक (कार्डांची बंद पाकिटं), कसं वाटायचं यावरून आमच्या ग्रुपवर परत एकदा जोरदार वाजलंय. तिथे दोन-दोन ओळींत भांडून काही होत नाही, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट मोठी आहे आणि मध्ये थोडं गणित पण आहे, पण पाचवीतलंच आहे, घाबरू नका.

माझं म्हणणं एवढंच की हॉबी स्टोअरमधल्या साध्या वीकेंड टूर्नामेंटला "वरच्या चौघांना सगळं आणि बाकीच्यांना टाटा" ही पद्धत बंद व्हायला पाहिजे. मोठ्या स्पर्धांना ठेवा की, तिथे लोक तयारी करून, प्रवास करून येतात, तिथे काय मिळणार आणि काय नाही हे त्यांना माहीत असतं. दुकानात मात्र अर्धे लोक खेळायला, भेटायला आलेले असतात आणि उरलेल्यातले निम्मे अजून नियमच शिकत असतात.

आता आकडे बघू. समजा १६ जण आले. स्विस पद्धत, म्हणजे हरलात तरी बाहेर नाही, पुढच्या राउंडला तुमच्याएवढेच पॉइंट असलेला कोणीतरी समोर येतो. (ही मूळची बुद्धिबळवाल्यांची, १८९५ साली झुरिकच्या स्पर्धेत पहिल्यांदा वापरली गेली, आणि कार्ड गेमवाल्यांनी ती उचलली हे फार बरं केलं, कारण नॉकआउट म्हणजे नुसती संगीत खुर्ची, पहिल्याच फेरीत बाद झालेल्याने भिंतीला टेकून बाकीच्यांकडे बघत बसायचं.) १६ जणांना ४ राउंड. जिंकलं की ३ पॉइंट, ड्रॉ झाला तर १, हरलं की शून्य. ड्रॉ झाले नाहीत आणि मध्येच कोणी निघून गेलं नाही असं धरलं तर शेवटचं चित्र सकाळीच ठरलेलं असतं, फक्त नावं भरायची बाकी असतात: एक जण चारही जिंकणार, चौघे ३-१ (तीन जिंकले, एक हरले), सहा जण २-२, चौघे १-३ आणि एक बिचारा ०-४.

आता वरच्या चौघांना बक्षीस म्हणताय ना, मग मोजा. ४-० वाला एक आणि ३-१ वाले चार, झाले पाच. म्हणजे चारपैकी तीन मॅच जिंकलेला एक माणूस रिकाम्या हाताने घरी जाणार, दर वेळी, न चुकता. ८ जण आणि ३ राउंड असतील आणि पहिल्या तिघांना बक्षीस असेल तरी तेच, तिथे ३-० वाला एक आणि २-१ वाले तीन असतात, त्यातला एक लटकतो.

आणि तो कोण हे कशावर ठरतं? टायब्रेकरवर. म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांनी आपापल्या मॅच किती टक्के जिंकल्या, त्याची सरासरी. यात तुमच्या हातात काय आहे? काहीही नाही. पहिल्या राउंडची जोडी तर नुसती चिठ्ठी टाकल्यासारखी लागते. तिथे तुम्ही ज्याला हरवलं तो दुसरी पण मॅच हरला आणि "जाऊ दे, आता काय उपयोग" म्हणून ड्रॉप झाला (स्पर्धा सोडून गेला), की त्याचा हिशोब तिथेच गोठला. मॅजिकमध्ये एखाद्याचे टक्के ३३ च्या खाली धरत नाहीत म्हणून जरा वाचता, पण तोच माणूस थांबून पुढच्या दोन जिंकला असता तर त्याचे ५० टक्के झाले असते आणि कदाचित चौथे तुम्ही असता. त्याने ड्रॉप केलं म्हणून त्याला नावं ठेवणारे आपल्यात खूप आहेत. पण त्याने का थांबावं ते एकदा सांगा ना. दोन हरल्यावर पहिल्या चारात येणं त्याला शक्यच नाही, आणि पहिले चार सोडून दुसरं काही ठेवलेलंच नाही.

तरी सगळ्यात भारी मॅच कुठली असते माहितीये? तिसऱ्या राउंडला शेवटच्या टेबलावरची. एकदा उठून जा आणि बघा. दोघेही ०-२. दोघेही प्रत्येक कार्ड उचलून पूर्ण वाचतात, वाचलेलं परत वाचतात. एक विचारतो "हे तुझ्या टर्नला खेळता येतं का?" दुसरा म्हणतो "येत असावं, थांब विचारू". मग जज येतो, समजावतो, दोघेही "अच्छा अच्छा" करतात आणि पुढच्या टर्नला परत तोच घोळ. अटॅक केल्यावर लक्षात येतं की आधी दुसरं कार्ड खेळायला हवं होतं, समोरचा म्हणतो घे परत, काय हरकत आहे. कुठलं कार्ड कशावर चालतं हे माणूस तिथे जेवढं शिकतो तेवढं वरच्या टेबलावरच्या कसलेल्या प्लेअरकडून सहा मिनिटांत चिरडला जाऊन शिकत नाही. आणि त्या दोघांतला एक जण तिथे टूर्नामेंटमधली पहिली मॅच जिंकणार असतो! सध्याच्या पद्धतीत ही मॅच बहुतेक वेळा होतच नाही, कारण दोघांपैकी एकाने केव्हाच सॅक उचललेली असते.

वरच्या टेबलावर काय चालू असतं ते पण सांगते. तीन राउंड झाले की ३-० वाले दोघे उरतात. एकमेकांकडे बघतात, हात मिळवतात, ड्रॉ लिहून देतात. दोघांचे १०-१० पॉइंट, बाकी कोणी ९ च्या वर जाऊ शकत नाही, पहिले दोन नंबर पक्के. मॅजिकमध्ये हे पूर्ण कायदेशीर आहे (यू-गी-ओ या दुसऱ्या कार्ड गेममध्ये ठरवून ड्रॉ करता येत नाही), त्यामुळे मी त्यांना चीटर म्हणत नाही, त्यांच्या जागी कोणीही हेच करेल. पण ज्या मॅचभोवती अख्ख्या दुकानाने गोळा व्हायला पाहिजे तीच मॅच होत नाही, आणि तेही बक्षिसाच्या वाटपामुळे, हे जरा विचित्र नाहीये का?

मग काय करायचं? समजा ३२ पॅक आहेत. आत्ता साधारण १६, ८, ४, ४ असे जातात आणि बारा जणांना भोपळा. ४ राउंडमध्ये एकूण मॅच किती होतात? ३२. प्रत्येक मॅच जिंकली की एक पॅक, संपला विषय. चारही जिंकणाऱ्याला ४, ३-१ वाल्यांना तीन-तीन, २-२ ला दोन-दोन, १-३ वाल्यांना एक-एक. ४ + १२ + १२ + ४, झाले बरोब्बर ३२. टायब्रेकरची भानगड नाही, तीन जिंकून हात हलवत जाणं नाही. ड्रॉला पॅक नाही, म्हणजे वरचे दोघेही गुपचूप बसून खेळतील. आणि दोन हरलेल्याला थांबायला कारण आहे, अजून दोन पॅक टेबलावर आहेत की.

मला त्याहून थोडं वेगळं आवडेल, कारण यात ०-४ वाला कोरडाच राहतो. प्रत्येकाला येताच एक पॅक द्या, ते झाले १६. पहिल्याला वर ४, ३-१ वाल्यांना वर दोन-दोन, म्हणजे अजून १२. उरलेले ४ शेवटी चिठ्ठी काढून, पण नाव त्याचंच टाकायचं जो शेवटचा राउंड खेळलाय. चिठ्ठीची कल्पना काही मी शोधलेली नाही, फ्रायडे नाइट मॅजिकच्या (दुकानांतल्या शुक्रवारच्या मॅजिक स्पर्धांच्या) प्रोमो कार्डांमधली, म्हणजे बक्षीस म्हणून दिलेल्या खास कार्डांमधली, काही पूर्वी अशीच वाटली जायची.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "मग स्किलचं काय? आम्ही प्रॅक्टिस करतो, डेक (खेळायचा आपला कार्डांचा गठ्ठा) ट्यून करतो, आणि बक्षीस सगळ्यांना सारखं?" सारखं नाहीये, वर परत मोजा, पहिल्याला पाच आणि शेवटच्याला एक. आणि स्किल स्किल म्हणताना चार राउंडमध्ये नशीब किती असतं ते पण बघा. ६० कार्डांच्या डेकमध्ये एखाद्या कार्डाच्या चार कॉपी ठेवल्या तरी पहिल्या सात कार्डांत त्यातली एक तरी येण्याची शक्यता ४० टक्के आहे. म्हणजे दहापैकी सहा वेळा तुमचं लाडकं कार्ड हातात नसतं. लँड (ज्यांच्या जोरावर बाकीची कार्डं खेळता येतात ती कार्डं) अडकली की वर्ल्ड चॅम्पियन पण नुसता बसून राहतो. रिचर्ड गारफिल्डने १९९३ मध्ये मॅजिक आणून हा सगळा प्रकार सुरू केला तेव्हापासून गेम असाच आहे आणि नवखा माणूस अधूनमधून जुन्याला हरवू शकतो म्हणूनच तो नवखा परत येतो. चांगला प्लेअर वर्षभरात जास्तच मॅच जिंकणार, त्याला जास्तच पॅक मिळणार. एका शनिवारी सोळाच्या सोळा मिळाले नाहीत म्हणून त्याचं स्किल वाया जात नाही.

बरं, एक मुद्दा मात्र मला पटतो. सगळं अगदीच सपाट केलं तर चांगले प्लेअर कंटाळून येणं बंद करतात, आणि ते गेले की नवीन लोकांनी शिकायचं कोणाकडून? पण त्यांना पॅकची गरज नसतेच हो, त्यांच्याकडे ढीग असतो. त्यांना पाहिजे असतं ते दाखवण्यासारखं काहीतरी, प्रोमो कार्ड, प्लेमॅट (खेळताना टेबलावर अंथरायची चटई), भिंतीवर नाव. ते खुशाल फक्त पहिल्याला द्या, मी टाळ्या वाजवीन.

अजून एक गोष्ट, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. वरच्या चौघांनाच सगळं असलं की शेवटच्या राउंडला कोणीतरी भोळेपणाने म्हणतोच, "तू सोड ना मॅच, मी तुला माझ्यातले दोन पॅक देतो". बोलणाऱ्याला वाटतं मित्राशी सेटिंग केली, पण नियमात ही लाच आहे आणि त्यावर शिक्षा होते. नुसतं कन्सीड करणं (स्वतःहून हार मानणं) चालतं, त्याबदल्यात काही देऊ करणं चालत नाही. तसंच राउंडची ५० मिनिटं संपली, वेळ संपल्यावर मिळणारे जादा पाच टर्न पण झाले, ड्रॉने दोघांचंही नुकसान, मग "चल डाइस टाकू, ज्याचा मोठा आकडा तो जिंकला". हे पण चालत नाही, यावर पण शिक्षा होते. पंधरा वर्षांच्या पोराला हे कुठून माहीत असणार? आणि त्याला जजने टेबलावरून उठवलं तर तो परत येईल का? मॅचमागे एक पॅक असेल तर डील करण्यासारखं काही उरतच नाही.



दुकानदारांना दोन विनंत्या. आकडा विषम झाला की सगळ्यात खालच्यांपैकी एकाला बाय मिळतो (समोर कोणी न येता राउंड मिळतो), कागदावर तो विजय असतो आणि प्रत्यक्षात तो नवीन पोरगा पाऊण तास एकटा बसलेला असतो. काउंटरमागे एक-दोन तयार डेक ठेवा आणि त्या राउंडला त्याच्याशी कोणीतरी खेळा, बायचा पॅक त्याला द्यायचाच आहे. आणि वाटप जे काही ठरेल, माझं नाही आवडलं तर तुमचं, ते पहिल्या राउंडच्या आधी बोर्डावर लिहा. तिसरा राउंड चालू असताना "आज लोक कमी आलेत, म्हणून पॅक पण कमी" असं ऐकायला लागलं की पुढच्या वेळी लोक अजून कमी येतात.