तीन बारांचा ग्रुप आणि नवी बॅरल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही मुद्देसूद लिहिलंय, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: रायफलची ॲक्शन (बोल्ट आणि त्याची यंत्रणा) तीच, कॅलिबर तेच, तर जुन्या बॅरलमध्ये जमलेलं लोड (घरी भरलेल्या काडतुसातली पावडर, बुलेट वगैरेंची जुळणी) नव्या बॅरलमध्येही चालायला हवं, प्रत्येक लोडचे तीन बार पुरे, मी सांगतो तसे वीस बार काढणं म्हणजे बॅरलची नासाडी, आणि सलग बार काढले की बॅरल तापून ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, फाटतोच.

पहिल्या मुद्द्यावर मी अजिबात मागे हटणार नाही, कारण तो नुसत्या अचूकतेचा नाही. बॅरल बदलली की चेंबर (काडतूस बसतं ती जागा) बदलतो, थ्रोट (त्याच्या पुढचा, रायफलिंगच्या पिळदार खाचा सुरू होण्याआधीचा भाग) बदलतो, बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या मापातही बारीक फरक पडतो. झिजलेल्या थ्रोटमध्ये जी बुलेट रायफलिंगपासून लांब राहत होती, तीच तेवढ्याच लांबीच्या काडतुसात नव्या, आखूड थ्रोटमध्ये रायफलिंगला टेकू शकते. तेवढ्यानेही दाब चढतो. .308 विंचेस्टर काडतुसासाठी सामीची (अमेरिकेतल्या शस्त्र-काडतूस उत्पादकांची मानकं ठरवणारी संस्था) दाबाची कमाल मर्यादा 62,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. जुनं लोड तिच्या जवळपास असेल, तर नव्या बॅरलमध्ये ते मर्यादा ओलांडणार नाही याची खात्री कोण देणार? काडतुसं भरण्याच्या मॅन्युअलमधल्या पावडरच्या सुरुवातीच्या वजनापासूनच वर यायचं, जुनी वही कितीही विश्वासाची असली तरी. जुन्या चेंबरमध्ये फुललेल्या केसेसही (काडतुसांची रिकामी नळकांडीही) नव्या चेंबरला बसतीलच असं नाही.

आता तीन बार. खरा वाद इथेच आहे. समजा एखादं लोड तीन बारांचे ग्रुप सरासरी 1 मिनिटाचे (मिनिट म्हणजे इथे कोनाचं माप, 100 यार्डांवर साधारण एक इंच) देतं. काहीही न बदलता तेच लोड एकदा अर्ध्या मिनिटाचा आणि पुढच्याच कागदावर दीड मिनिटाचा ग्रुप देईल. तुम्ही पावडरच्या दहा वेगवेगळ्या वजनांचे तीन-तीन बार काढलेत आणि सर्वांत लहान, 0.4 मिनिटाच्या ग्रुपला ‘नोड’, म्हणजे बॅरलला सर्वांत मानवणारं वजन, म्हटलंत. ती दहाही लोड अगदी सारख्या गुणांची असती, तरी त्यांतला सर्वांत लहान ग्रुप सरासरीच्या जवळपास निम्मा आलाच असता. म्हणजे तुमच्या कागदावर लोड उठून दिसतंय की नशीब, हे त्या कागदावरून ठरतच नाही. शिवाय तीन बारांचा ग्रुप त्याच रायफलच्या दहा बारांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने लहानच असतो. दहाचा साधारण दीडपटीहून थोडा मोठा भरतो. स्पर्धेत मात्र सगळे बार मोजले जातात.

क्रोनोग्राफचंही (बुलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्राचंही) तसंच. तुम्ही पाच बारांवर 10 फूट प्रति सेकंद एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे वेग सरासरीपासून किती इकडेतिकडे होतो त्याचं माप) लिहिलीये. इतक्या कमी बारांवर खरी एसडी 6 पासून 29 पर्यंत कुठेही असू शकते. 100 यार्डांवर हा फरक जाणवणारही नाही, 1000 यार्डांवर मात्र बार वर-खाली पसरतील.

बॅरलच्या नासाडीबद्दल: बॅरलचं आयुष्य मोजकं असतं, हे मलाही तितकंच बोचतं. पण खोट्या नोडवर विसंबून महिनाभर सीटिंग डेप्थ (बुलेट केसमध्ये किती खोल बसवायची ते) बदलत बसण्यात जास्त बार जातात. त्यापेक्षा कमी पर्याय निवडावेत आणि प्रत्येकाला पुरेसे बार द्यावेत. बुलेट चांगली, केसेस एकाच लॉटच्या आणि पावडर नीट तोललेली असेल, तर दोन-तीन पर्यायांतच काम भागतं, असं माझं ठाम मत आहे.

तापण्याचा मुद्दा रास्त आहे, पण त्यासाठी बार कमी करायची गरज नाही. पाच बार काढा, बॅरल हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, मग नवा कागद, नेम तोच, स्कोप न हलवता. शेवटी सगळे कागद नेमाच्या बिंदूवर जुळवून एकावर एक ठेवा आणि टोकाच्या दोन भोकांमधलं अंतर मोजण्याऐवजी मीन रेडियस काढा: सगळ्या भोकांचा मध्य धरून प्रत्येक भोक त्यापासून किती दूर, याची सरासरी. टोकाचं माप फक्त दोन भोकांवर ठरतं, यात प्रत्येक बार मोजला जातो.

तुमचं ते 0.4 मिनिटाचं लोड नव्या बॅरलमध्ये खालून वर येत, दाबाची चिन्हं पाहत गाठलेलं असेल, तरच त्याचे असेच आणखी वीस बार काढा. ‘हा बार माझ्याकडून हलला’ म्हणून एकही भोक वगळू नका. सगळ्या कागदांचे फोटो इथेच टाका, मीन रेडियस मी काढून देतो.