परत आवाज गेला!!

अरे काय वैताग आहे यार, लिनक्सचा अपडेट मारला, लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि साउंड सेटिंगमध्ये बघतो तर स्पीकरचं नावच गायब, नुसतं 'डमी आउटपुट' (म्हणजे खरं साउंड कार्डच सापडलं नाही) लिहिलंय. काल रात्रीपर्यंत व्यवस्थित गाणी वाजत होती! मग नेहमीचंच, टर्मिनल उघडा, अल्सामिक्सर (आवाज कमी-जास्त करायचा प्रोग्राम) लावा, एफ६ दाबून कार्ड निवडा, मास्टरखाली एमएम दिसतंय का बघा कारण तसं असलं तर म्यूट आहे, आणि इथे तर कार्डच दिसत नाहीये तर म्यूट काय डोंबल काढणार. नेटवर शोधावं तर निम्मे उपाय पल्सऑडिओच्या, म्हणजे आवाज सांभाळणाऱ्या जुन्या प्रोग्रामच्या, जमान्यातले. फेडोरा या लिनक्सनं 2021 मध्येच, 34 व्या आवृत्तीत, त्याच्या जागी नवं पाइपवायर डीफॉल्ट केलं, तरी लोक अजून पल्सऑडिओच किल करायला सांगतात, अरे पण ते चालूच नाहीये ना!

मॉनिटरची वायर लावली की आवाज गुपचूप एचडीएमआयवर जातो, मॉनिटरला स्पीकर असो वा नसो. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू केला की आवाज मोनो आणि डबा होतो, ही मर्यादा ब्लूटूथची, मान्य, पण कॉल संपल्यावर परत एटूडीपीवर (गाण्यांसाठीच्या चांगल्या स्टीरिओ मोडवर) यायला काय धाड भरते?

शेवटी डीमेसगमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) कळलं, साउंड ओपन फर्मवेअरची, म्हणजे साउंड चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, फाइलच सापडत नाहीये. मग हेच स्क्रीनवर एका ओळीत सांगा ना, 'डमी आउटपुट' कशाला दाखवता, सामान्य माणसानं त्यातून काय समजायचं??