संकल्पनेतून साकारलेले कुलूप

गेल्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी स्वतःच्या पैशांनी घेतलेले वर्तमानपत्र महापालिकेच्या एका खिडकीच्या गजांतून आत सरकवले आणि रिकाम्या हाताने घरी परतलो. या घटनेला आज पाच दिवस झाले, तरी त्यात माझा अपमान नेमका किती झाला याचा हिशेब अजून लागत नाही. वरच्या मजल्यावर फरशा फोडण्याचे काम चालू असल्यामुळे मला तासभर बसायला शांत जागा हवी होती आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी महापालिकेचे ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र आहे, एवढेच निमित्त घडले.

केंद्र एका खोलीचे आहे, पण त्याची पाटी दोन खोल्यांना पुरेल. माननीय नगरसेवकांच्या संकल्पनेतून आणि त्यांच्याच विकास निधीतून ही वास्तू साकारल्याचे तिच्यावर लिहिले होते. चार भिंती आणि वर पत्रा ही कल्पना सुचायला नगरसेवक लागतो हे मी मान्य करतो. 'त्यांच्या निधीतून' हे शब्द मात्र दर वेळी माझ्या घशात अडकतात, कारण मालमत्ता कराच्या पावत्या माझ्या कपाटात तारीखवार लावलेल्या आहेत. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, पुढे जवळजवळ चार वर्षे प्रशासकांनी कारभार पाहिला, मग आचारसंहितेत पाटीवर कागद चिकटवला गेला, १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि नंतर तो कागद कोणीतरी अर्धवट फाडला. सध्या पाटीवर 'संकल्पनेतून साकार' एवढेच वाचता येते. कोणाच्या, ते खळीखाली आहे.

जाळीच्या दाराला कुलूप होते, पण ते आतून. आत प्लॅस्टिकच्या बारा खुर्च्या, शिवणवर्गाची कापडाखाली झाकलेली तीन यंत्रे, एक कॅरम बोर्ड आणि लोकरीची टोपी घातलेले ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ होते. ते एकटेच कॅरम खेळत होते, आणि तेही प्रामाणिकपणे.

"काका, दार उघडता का?"

"थांबा, काळ्यांची पाळी आहे," असे म्हणून ते उठले, बोर्डाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत बसले, बोरिक पावडरची चिमूट टाकली, नेम धरला, चुकवला, आणि पुन्हा पांढऱ्यांच्या खुर्चीत येऊन बसल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले. "सभासद आहात?"

"सभासद कशाला? महापालिकेचे केंद्र आहे ना?"

"महापालिकेचे आहे म्हणूनच विचारतो. वय?"

"एकसष्ट."

"लहान आहात."

साठ वर्षे पूर्ण झालेल्या माणसाला कायदा ज्येष्ठ नागरिक म्हणतो, हे मी त्यांना नम्रपणे सांगितले. "कायदा म्हणत असेल," ते म्हणाले, "पण रेल्वेने २०२० साली तिकिटातली सवलत काढली, त्या दिवसापासून साठीचे वजन गेले. आमच्याकडे सत्तरीपर्यंत प्रतीक्षा यादी असते. यादीत सात जण होते, त्यांतले चार सत्तरीचे झाले."

"म्हणजे ते सभासद झाले?"

"नाही. त्यांना आता इथपर्यंत चालवत नाही."

अकरा खुर्च्या रिकाम्या आहेत, याकडे मी त्यांचे लक्ष वेधले. त्या रिकाम्या नसून नेमून दिलेल्या आहेत, असे त्यांनी सांगितले. खिडकीजवळची बँकवाल्यांची, ते मुलाकडे अमेरिकेत असतात आणि मे महिन्यात येतात. पंख्याखालची हेडमास्तरांची.

"ते कधी येतात?"

"ते गेले. पण खुर्चीबाबत बैठकीत अजून ठराव झालेला नाही."

सभासदत्वासाठी अर्ज, दोन फोटो, आधारची झेरॉक्स, कराची पावती आणि दोन सभासदांची शिफारस लागते. एक शिफारस ते स्वतः देतील, मात्र वागणूक पाहून. मग त्यांची नजर माझ्या काखेकडे गेली. केंद्राचे वर्तमानपत्र बिल कोणी भरायचे या वादात बंद पडले होते. "आजचाच आहे ना? द्या इकडे, नजर टाकून देतो." मी तो का दिला, हे मला आजही सांगता येणार नाही, बहुधा वागणूक दाखवण्याची ती पहिलीच संधी वाटली असावी. ते काळ्यांच्या खुर्चीत बसून अग्रलेख वाचू लागले आणि मी पायरीवर उभा राहिलो.

मी तीस वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले आहे. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांचे अठरा विषय आले, हे मी पोरांकडून घोकून घेत असे. त्यांतला बारावा विषय उद्याने आणि क्रीडांगणांचा, तेरावा सांस्कृतिक बाबींना चालना देण्याचा, चौदावा थेट स्मशानांचा आणि पंधरावा कोंडवाड्यांचा. विरंगुळा केंद्र बागेच्या आणि स्मशानाच्या मध्ये कुठेतरी बसते, हे मला त्या पायरीवर प्रथमच उमगले. कोंडवाडाही जवळच होता, फक्त त्यात आत कोण आणि बाहेर कोण, एवढेच ठरत नव्हते.

हसण्यावारी नेतो खरा, पण राग येतो. आमच्या सोसायटीतील एक आजी रोज दुपारी बसथांब्यावर जाऊन बसतात, बस पकडण्यासाठी नव्हे, तर घरात सुनेची शिकवणी चालते म्हणून. केंद्रात स्त्रिया का येत नाहीत, असे मी विचारले तेव्हा "त्यांना घरी कामे असतात" असे उत्तर गजांतून आले. लोकसेवा हक्क कायदा २०१५ साली आला. अधिसूचित सेवा विनाकारण वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. जन्माचा दाखला मुदतीत मिळतो, मृत्यूचाही मिळतो. मधल्या काळात टेकायला खुर्ची द्यायला मात्र मुदत नाही.

बुधवारी क्षेत्रीय कार्यालयात गेलो. बांधकाम भवन विभागाकडे, जागा मालमत्ता विभागाकडे आणि कार्यक्रम समाज विकास विभागाकडे असल्याचे कळले. किल्लीची नोंद कोणाकडेच नव्हती.

काल शनिवारी अर्ज, फोटो आणि पावती घेऊन मी पुन्हा पायरीवर उभा राहिलो. माझे वर्तमानपत्र शिवणयंत्रावर व्यवस्थित घडी घालून ठेवलेले दिसले. त्याच्या कपाळावर केंद्राचा जांभळा गोल शिक्का होता आणि खाली शाईने 'आवक क्र. १' असे लिहिले होते.

"नोंद झाली," काका म्हणाले. "आता अंक बाहेर देता येत नाही. इथे बसून वाचावा लागतो."

"मग मला आत घ्या."

"सभासद झाल्यावर." त्यांनी अर्ज गजांतून घेतला, फोटो दूर धरून पाहिला आणि ते काळ्यांच्या बाजूला जायला उठले. "आणि उद्या रविवार आहे. पुरवणीसकट आणा."

आजची पुरवणी मी अजून वाचलेली नाही. घडी मोडू नये म्हणून टेबलावर तशीच ठेवली आहे.