‘कुलूप दिसतंय ना, मग चढवा फाइल’ म्हणणाऱ्यांसाठी

‘सॉफ्टवेअर विकत घेणं बंद करा! सगळं ब्राउझरमध्ये फुकट मिळतं’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. त्यात पाच मुद्दे आहेत आणि प्रत्येकापुढे हिरवी टिकमार्क. काही इन्स्टॉल करायचं नाही, म्हणजे व्हायरसची भानगड नाही. ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याजवळ कुलपाचं चिन्ह दिसलं की साइट सुरक्षित. आज फुकट ते कायम फुकट. ऑनलाइन ठेवलेलं कधीच हरवत नाही. आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर चालतं.

माझ्या मावशीने हा मेसेज वाचला आणि पासपोर्टचं स्कॅन, बँकेचं स्टेटमेंट आणि सहीचा फोटो कधी नावही न ऐकलेल्या एका साइटवर चढवून त्यांची एक पीडीएफ करून घेतली. मी ओरडले, तर उत्तरादाखल तोच मेसेज मला फॉरवर्ड. आता लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

सगळ्यात घातक आहे तो पहिलाच मुद्दा. ब्राउझर कुठल्याही पानाला आपल्या मशीनवर मोकळं रान देत नाही, एवढं खरं आहे. पण आपणच पासपोर्ट उचलून परक्याच्या सर्व्हरवर नेऊन ठेवला तर ब्राउझर बिचारा काय करणार? शिवाय तिथून जी फाइल परत येते, ती आपण आपल्या हाताने डाउनलोड करतो आणि उघडतो. मार्च 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने नेमका याच फुकट कन्व्हर्टरांबद्दल, म्हणजे एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलून देणाऱ्या साइटबद्दल, इशारा दिला होता. त्यातली मेख अशी की या साइट सांगितलेलं काम खरोखर करून देतात. वर्डची पीडीएफ होते, फोटो जोडले जातात, माणूस खूश. पण परत आलेल्या फाइलमध्ये मालवेअर, म्हणजे व्हायरससारखं घातक सॉफ्टवेअर, दडलेलं असू शकतं, आणि चढवलेल्या कागदांतून जन्मतारीख, फोन नंबर, बँकेचे तपशील, पासवर्ड उपसून घेतले जाऊ शकतात. त्यामुळे ‘मी वापरलं, मस्त चाललं’ हा काही पुरावा नव्हे. फसवणाऱ्या साइटचंही मस्तच चालतं.

आणि गंमत म्हणजे मावशीला साइटची गरजच नव्हती. तिन्ही चित्रं एकदम निवडायची, प्रिंटवर जायचं आणि प्रिंटरच्या यादीत ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ किंवा ‘प्रिंट टू पीडीएफ’ निवडायचं. झाली पीडीएफ, घरच्या घरी. वर्डच्या फाइलसाठी तर वर्डमध्येच ती सोय आहे.

सरसकट सगळ्या साइट चोर आहेत, असं मी म्हणत नाही. फोटोपी किंवा स्क्वूशसारखी साधनं ब्राउझरमध्ये उघडतात, पण चित्रावरचं काम आपल्याच मशीनवर करतात. फरक ओळखायची एक सोपी युक्ती आहे: पान पूर्ण उघडलं की नेट बंद करायचं आणि मग फाइल द्यायची. काम अडलं, तर फाइल बहुधा त्यांच्या सर्व्हरवर जाणार होती. झालं, तर आपल्याकडेच झालं. ही चाचणी सोळा आणे नाही, कारण नेट परत आल्यावर पान गुपचूप काही पाठवूही शकतं. म्हणून आधी टॅब बंद, मग नेट चालू. तरीही ओळखपत्रं आणि बँकेचे कागद अनोळखी पानाला देऊच नयेत.

कुलपाचं सांगायचं तर ते एवढंच म्हणतं की पाकीट वाटेत कोणी फोडलं नाही. ते पोचलं कोणाच्या हातात, याची हमी ते देत नाही. फसव्या साइटलाही कुलूप सहज मिळतं. लोक कुलपाचा भलताच अर्थ काढतात म्हणून खुद्द गूगलने सप्टेंबर 2023 मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून ते चिन्ह काढून टाकलं. मेसेज लिहिणाऱ्याने क्रोम शेवटचं कधी नीट पाहिलं होतं, कोण जाणे.

‘कायम फुकट’? गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण 2015 ला सुरू झाली आणि 1 जून 2021 ला संपली. फोटो ठेवायच्या फ्लिकर साइटने फुकट खात्याला आधी एक टेराबाइट दिलं, मग 2018 मध्ये हजार फोटोंची मर्यादा जाहीर केली. टिपणं ठेवायच्या एव्हरनोट ॲपच्या फुकट खात्यात आता फक्त 50 नोंदी मावतात. हो, जीमेल 1 एप्रिल 2004 पासून आजतागायत फुकट आहे, मान्य. पण दोन वर्षं खात्याकडे फिरकलाच नाहीत, तर ते पुसायचा हक्क गूगलने राखून ठेवलाय.

‘कधीच हरवत नाही’ यावर एकच नाव पुरे: मायस्पेस, एकेकाळी गाजलेली सोशल साइट. 2003 ते 2015 या काळात लोकांनी चढवलेली गाणी सर्व्हर बदलताना गेली, हे कंपनीने 2019 मध्ये कबूल केलं. ज्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती त्यांची बहुतेक गाणी गेली ती गेलीच.

राहिला पाचवा मुद्दा. कुठल्याही कॉम्प्युटरवर चालतं हे खरं आहे, आणि एकाच कागदावर चौघांनी एकाच वेळी लिहायचं असेल तर ब्राउझरसारखी सोय नाही. मीही रोज वापरते. पण फुकट हवं म्हणून ब्राउझरमध्येच जायला पाहिजे, हे कोणी सांगितलं? वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं लिबरऑफिस 2011 पासून फुकट मिळतंय. एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं, खातं मागत नाही आणि पीडीएफही करून देतं. मेसेजमध्ये त्याचं नावसुद्धा नाही. मावशीच्या लॅपटॉपवर मी ते टाकून दिलंय. बँकेलाही कळवलंय.