आर्ट्सच्या विद्यार्थ्याने लिहायचे कधी?

चार वर्षांची पदवी, मुख्य व गौण विषय आणि श्रेयांक (क्रेडिट) यांवरून नागपुरात चाललेली चर्चा मी जर्मनीतल्या हायडेलबर्गहून वाचतो, तेव्हा बी.ए.चा विद्यार्थी स्वतः विचार करून दहा पाने कधी लिहितो, हा प्रश्न तिच्यात मला कुठेच आढळत नाही. ‘आर्ट्स घेऊन पुढे काय?’ ही घरोघरची काळजी खरीच आहे, ती जर्मन आईवडिलांनाही असते. परंतु अभ्यासक्रमाला कौशल्याचे एखादे प्रमाणपत्र जोडल्याने ती मिटेल, असे मला वाटत नाही.

इतिहास घेऊन मी नागपुरात बी.ए. झालो. परीक्षा जवळ आली की सीताबर्डीवरून गाइड आणायचे, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढायच्या आणि ‘इम्पॉर्टंट’ प्रश्नांची उत्तरे पाठ करायची, हाच आमचा अभ्यास होता. गुण कळत, पण उत्तर कुठे फसले ते कधी कळले नाही. इथे सत्राच्या शेवटी पंधरा-वीस पानांचा निबंध द्यावा लागतो. माझ्या पहिल्या निबंधाच्या समासात प्राध्यापिकेने पेन्सिलीने जागोजागी एवढेच लिहिले होते : ‘हे कशावरून?’ माझे खरे शिक्षण त्या प्रश्नापासून सुरू झाले.

अर्थात इथली वाट सर्वांना खुली नाही. हायडेलबर्ग ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या बहुतेक विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो शुल्क पडते. शिवाय तासिका तत्त्वावर राबणाऱ्या नागपूरच्या प्राध्यापकाकडून प्रत्येकाचा निबंध बारकाईने तपासण्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. म्हणून आधी रिक्त जागा भरा, ही मागणी विद्यार्थ्यांनीही लावून धरली पाहिजे.

तोवर मात्र थांबू नका. जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल उभा आहे, आणि तिथे राबलेल्या कामगारांची नातवंडे कदाचित तुमच्याच वर्गात बसत असतील. त्यांच्या घरी जा, विचारा, लिहून घ्या. गडचिरोलीहून आलेल्या मैत्रिणीला गोंडी येत असेल, तर ज्या साहित्यापर्यंत पोहोचायला इथल्या जर्मन संशोधकाला आधी भाषा शिकावी लागते, ते तिच्या घरातच आहे. दर सत्राला असा एक निबंध लिहा, दोघातिघांनी एकमेकांचे लेखन तपासा आणि सरांना किंवा मॅडमना त्यातले एकच पान वाचायची विनंती करा. एका पानाला सहसा कोणी नाही म्हणत नाही.