पाळणाघराची फी, महालक्ष्म्यांची सुटी आणि न सांगितलेला ताप: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. मूल दिवाळीत आजोळी गेले तरी पूर्ण महिन्याची फी द्यावी लागते. महालक्ष्म्यांसाठी पाळणाघर तीन दिवस बंद राहते तेव्हा मात्र काहीच परत मिळत नाही. आणि एरवी 'घरच्यासारखे' म्हणवून घेणाऱ्या ताई अंगात जराशी कणकण असलेल्या मुलाला दारातूनच माघारी पाठवतात, असे तीन आक्षेप आपण घेतले आहेत. मी स्वतः संभाजीनगरात सिडको भागात घरगुती पाळणाघर चालवते, त्यामुळे माझे उत्तर तटस्थ असल्याचा दावा मी करणार नाही.

फी ही हजेरीची नसून जागेची असते. दोन खोल्यांत आणि एका मावशींच्या मदतीने जेवढी मुले सांभाळता येतात तेवढीच मी घेते. आपले मूल पंधरा दिवस परळीला गेले, म्हणून ती जागा पंधरा दिवसांपुरती दुसऱ्याला देता येत नाही आणि मावशींचा पगार किंवा उन्हाळ्यातला पाण्याचा टँकरही तेवढ्यासाठी थांबत नाही. महालक्ष्म्यांचे म्हणाल, तर सोळा भाज्यांचा नैवेद्य आणि रांगणारी मुले एकाच स्वयंपाकघरात सांभाळावीत, असे मी कोणालाही सुचवणार नाही. मात्र वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या आईला त्या दिवशी सुटी नसते, हे आपले म्हणणे रास्त आहे. वर्षभराच्या सुट्यांची यादी प्रवेशाच्या वेळीच लेखी द्यावी आणि त्याहून जास्त दिवस बंद राहिल्यास फी वजा करावी, एवढे बंधन आम्ही पाळलेच पाहिजे.

तिसऱ्या आक्षेपावर मात्र मी तडजोड करणार नाही. सकाळी पॅरासिटामॉल पाजून मूल हसतखेळत आणून सोडले जाते आणि औषधाचा असर ओसरला की दहा-अकराच्या सुमारास अंग पुन्हा तापते, हा प्रकार आमच्यापैकी प्रत्येकीच्या ओळखीचा आहे. या औषधाच्या दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचे अंतर असावे लागते आणि मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. शिवाय थेंबांच्या बाटलीतले औषध सिरपपेक्षा बरेच तीव्र असते. सकाळी काय, किती आणि केव्हा दिले हे ठाऊक नसेल, तर औषध देण्यातही धोका आहे आणि न देता पालकांची वाट पाहण्यातही. त्यातून बाकीच्या मुलांना संसर्ग होतो तो वेगळाच. रजा मिळत नाही म्हणून आईवडील ताप लपवतात, त्यांना मुलाची काळजी नसते म्हणून नव्हे, हे मला कळते. पण नोकरीतल्या त्या अडचणीचा भार अशा वेळी तापलेल्या मुलाच्या अंगावर पडतो.

दुधाच्या बाबतीतही तेच. प्रसूतिरजा 26 आठवड्यांची असली, तरी त्यातले आठ आठवडे प्रसूतीआधीच घेतलेले असल्यास बाळ जेमतेम चार महिन्यांचे असताना आमच्याकडे येते आणि त्याला काढून ठेवलेले आईचे दूधच द्यावे लागते. असे ताजे दूध 25 अंशांपर्यंतच्या तापमानात सुमारे चार तास टिकते. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि वीजही जाते. म्हणून दूध केव्हा काढले हे मी दारातच विचारते. त्याला कृपया उलटतपासणी समजू नये.

जो राग आपण ताईंवर काढला आहे, त्यातला बराचसा आपल्या कंपनीच्या वाट्याचा आहे. प्रसूती लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा दिली. आपल्या किंवा आपल्या पत्नीच्या कंपनीत तेवढे कर्मचारी असतील, तर ही सोय कोठे आहे, असे व्यवस्थापनाला लेखी विचारावे. ती खरोखरच मिळाली, तर आपल्या ताईंकडचे एक मूल कमी होईल आणि त्यांचीही त्याला हरकत नसावी; फक्त त्यांना एक महिना आधी कळवावे.